टेम्पोच्या अंतरावरचं गिऱ्हाईक

शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं मशीनिंग करणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या शॉपकडे प्रदर्शनात मांडायला स्वतःचं प्रॉडक्ट नसतं. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, कास्टिंग फाउंड्रीचं. आपले फक्त मशीनचे तास आणि कामगारांचे हात. तरीही आसपासच्या औद्योगिक प्रदर्शनांत वर्षानुवर्षं स्टॉल लावतो आहे. त्यातून पदरात पडलेलं हे.

१. आधी अंतर बघा.
नवं मशीन घ्यायचं असेल तर बंगळुरूच्या इमटेक्सला जरूर जा. विषम वर्षी मेटल कटिंग आणि सम वर्षी फॉर्मिंग, असा त्याचा साधारण क्रम. पण काम मिळवायचं तर आपल्या टापूतलं प्रदर्शन बरं. कास्टिंग जड, भाडं किलोवर. शिरोलीत रात्री भरलेला टेम्पो सकाळी भोसरी-चाकणला उतरतो आणि तिथे लॉट अडला तर आपला माणूस दुपारच्या आत गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहू शकतो. नाशिकला निमाचं, संभाजीनगरला मसिआचं प्रदर्शन भरतं. तिथेही जावं, पण हा टेम्पोचा हिशेब मांडून.

२. टेबलावर तुकडा ठेवा.
गुळगुळीत ब्रोशर पिशवीत जातं आणि तिथेच राहतं. आम्ही एका जुन्या पंपाची बॉडी मधोमध कापून ठेवतो. एक बाजू फाउंड्रीतून आली तशी खरबरीत, दुसरी मशीनिंग केलेली. शेजारी तिचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. येणारा-जाणारा हात लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. मात्र चालू गिऱ्हाइकाचा पार्ट त्याच्या लेखी परवानगीशिवाय मांडू नका. त्याचा प्रतिस्पर्धी त्याच मांडवात फिरत असतो.

३. नख फिरवणाऱ्याला खुर्ची द्या.
गर्दीत एखादा माणूस बोलत नाही. बोअरच्या आतून नख फिरवतो, कापलेली कड उजेडाकडे धरतो आणि मग विचारतो, ‘‘मशीनिंग झाल्यावर ब्लोहोल निघाला, तर तुमचा खर्च कोण सोसतं?’’ हा क्वालिटीचा माणूस. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, पण त्यावर गेलेले मशीनचे तास कुणाच्या खात्यात, यावर आमच्या धंद्यात कायम वाद. त्याचं उत्तर फाउंड्रीशी आधीच ठरवून ठेवा. ‘‘बघू, करून घेऊ’’ ऐकलं की तो हसून पुढच्या स्टॉलवर जातो.

४. जेवणानंतर शेजारी जा.
दुपारी दोन ते चार मांडव ओस असतो. तेव्हा मोबाइल खिशात ठेवून रांगेतून फिरा. हीट ट्रीटमेंटवाला, पॅटर्नवाला, गेज बनवणारा, आपल्यासारखाच दुसरा मशीन शॉपवाला. मोठं शेड्यूल आल्यावर ज्याची मशीन कमी पडतात, तो जास्तीचं काम ओळखीच्याकडे पाठवतो. आमच्याकडे कितीतरी काम असंच आलं.

५. कागद आणि करंट.
सामान विकायला नेत नसलात, तरी डिलिव्हरी चलान लागतं आणि किमतीनुसार ई-वे बिलही. साध्या स्टॉलमध्ये दिवे आणि एक प्लग मिळतो. मशीन चालवून दाखवायचं तर थ्री-फेज बुकिंग करतानाच मागा. उद्यम नोंदणी असेल तर केंद्राच्या योजनेतून काही प्रदर्शनांच्या स्टॉलभाड्याचा वाटा परत मिळतो. आपलं प्रदर्शन त्यात बसतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

६. उभ्या उभ्या रेट देऊ नका.
‘‘अंदाजे सांगा हो’’ म्हणणारे फार. ड्रॉइंग, ग्रेड, टॉलरन्स आणि महिन्याचे नग कळल्याशिवाय आकडा तोंडातून काढला, की पुढे खरेदीवाला तोच धरून बसतो. ड्रॉइंग मागून घ्या, परवा रेट पाठवतो म्हणा आणि परवाच पाठवा. पेमेंटची मुदत मात्र तिथेच विचारा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. हे नम्रपणे बोलून दाखवलं, की समोरचा किती चुळबूळ करतो त्यावरून बरंच कळतं.

७. कार्डाच्या मागे त्याच रात्री लिहा.
कोण, कुठला पार्ट, काय अडचण सांगितली. दोन दिवसांनी सगळी कार्डं सारखीच दिसतात. आठवड्याच्या आत फोन करा आणि ऑर्डर मागण्याऐवजी शॉप बघायला बोलवा.

घरी परतल्यावर पहिला प्रश्न असतो, किती ऑर्डरी मिळाल्या? मी महिन्याभराने मोजतो, तेही किती जण शिरोलीला येऊन गेले एवढंच. जो येतो तो मशीनपेक्षा जास्त वेळ रिजेक्शनच्या रॅकपाशी उभा राहतो. त्या रॅकवरच्या प्रत्येक नगाला कारणाची चिठ्ठी लावलेली असली, तर ट्रायल लॉटचं बोलणं बहुतेक वेळा तोच काढतो.