संप मिटल्यावर उरलेले कागद

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, असे ठरले तेव्हा अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी गेली आणि तिच्या जागी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के कपातीवर चालणारे, बाजाराच्या चढउतारांवर हेलकावणारे खाते आले. हे शल्य वर्षानुवर्षे साचत राहून 14 मार्च 2023 रोजी राज्यव्यापी बेमुदत संपाच्या रूपाने बाहेर पडले. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये निवृत्तीचे वय 62 वरून 64 करण्याविरुद्ध पेटलेल्या संपामुळे विमानांची उड्डाणे रद्द होत होती; आमच्या दिंडोरी तालुक्यात झळ लागली ती पंचनाम्यांना.

मी वणीचा रहिवासी, पेशाने सरकारी कचेरीतील लिपिक. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा देत आम्ही बसलो होतो त्याच आठवड्यात नाशिक जिल्ह्यावर अवकाळी पाऊस आणि गारा कोसळल्या, काढणीला आलेल्या द्राक्षांचे मणी तडकले, आणि ओळखीच्या एका बागाइतदाराने रस्त्यात थांबवून, आवाज जराही न चढवता, विचारले, "भाऊसाहेब, पंचनाम्याला कोण येणार?" आमची मागणी न्याय्य होती, असे मी आजही मानतो, परंतु ज्या रयतेच्या सहानुभूतीवर असा लढा तगतो, तिला ऐन आपत्तीत ताटकळत ठेवणे योग्य नव्हे. संपाची नोटीस देतानाच आपत्तीच्या कामापुरती माणसे वगळावीत आणि तसे गावोगाव जाहीर करावे, असे माझे संघटनांना आग्रहाचे सांगणे आहे.

शासनाने समिती नेमली, तत्त्वतः आश्वासन दिले, आणि 20 मार्चला संप मागे घेतला गेला. पुढे जे मिळाले ते हप्त्याहप्त्याने मिळाले. 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने, ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची पण नियुक्ती नंतरची आहे, त्यांना जुन्या योजनेचा विकल्प देण्यात आला. त्यासाठी मुदत होती सहा महिन्यांची. माझे प्रकरण नेमके तसेच होते. मात्र दप्तरात जाहिरातीची प्रतच नव्हती. वडिलांनी वहीत चिकटवून ठेवलेले कात्रण सापडले, तर ते चौकटीच्या कडेने इतके नेटके कापलेले की वर्तमानपत्राची तारीख कात्रीबाहेर राहिली होती. नाशिकच्या एका ग्रंथालयातील जुन्या अंकांच्या बांधीव खंडात ती जाहिरात तारखेसह मिळाली, तेव्हा कोठे अर्ज पुढे सरकला. माझ्या एका सहकाऱ्याला, तितकाच हक्क असून, मुदतीत असा पुरावा जमला नाही.

म्हणून नव्याने रुजू झालेल्यांनी जाहिरातीचे संपूर्ण पान, निवडयादी आणि नियुक्तीचा हुकूम यांच्या प्रती घरी जपाव्यात. सेवापुस्तक वर्षातून एकदा स्वतः पाहून त्यातील नोंदींवर सही करावी. कपातीची रक्कम आणि शासनाचा हिस्सा (तो पुढे दहाचा चौदा टक्के झाला) खात्यात खरोखर जमा होतो की नाही, हे पगारपत्रकाशी ताडून पाहावे, विशेषतः बदली झाली असेल तर. लग्नानंतर वारसाचे नामनिर्देशन बदलणे कित्येकांच्या हातून राहून जाते. सेवेत असताना मृत्यू ओढवल्यास कुटुंबाची बरीचशी मदार त्याच कागदावर असते. आणि कचेरीत अर्ज तोंडी कधीच करू नये. आवक क्रमांक, तारीख व शिक्का असलेली पोच हाती आल्याखेरीज टेबलापासून हलू नये, समोरचा लिपिक माझ्यासारखा ओळखीचा असला तरीही.