भोकाचा पैसा आणि पुठ्ठ्याचें कुपन

आपल्या नांदगांव खंडेश्वरांतील एखाद्या घराच्या जुन्या पेटींत मध्यें भोक असलेला तांबूस पैसा सांपडला, तर नवल नाहीं. तें भोक शोभेसाठीं पाडलेलें नव्हे; त्यामागें एका टंचाईचा इतिहास आहे.

त्या काळीं रुपयाचे १६ आणे व ६४ पैसे होत. दुसऱ्या महायुद्धांत धातु युद्धसामग्रीकडे वळला आणि लोक नाणीं सांठवूं लागले. १९४० सालीं सरकारनें रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली. १९४२-४३ च्या सुमारास तर खुर्दा इतका दुर्मिळ झाला कीं, रुपयाची मोड मिळेना. तेव्हां १९४३ सालीं भोकाचा पैसा निघाला. पूर्वींचा पैसा सुमारें पांच ग्रॅम वजनाचा होता, हा दोनच ग्रॅमचा. म्हणजे एका पैशाच्या धातूंत दोन पैसे होऊन थोडा धातु उरे.

तोंवर व्यवहार कसा चालला? कोठें टपालाचीं तिकिटें, कोठें दुकानदाराची चिठ्ठी मोडीऐवजीं हातीं पडे. काठेवाडांतील मोरवीसारख्या संस्थानांनीं पुठ्ठ्याचीं कुपनें काढलीं. खाजगी इसमानें पैशाप्रमाणें चालणारे धातूचे तुकडे पाडूं नयेत, असा कायदा १८८९ पासूनच होता. म्हणून ब्रिटिश मुलखांतील व्यापाऱ्यास कागदाचाच आश्रय उरला.

आतां कल्पना करा. एका मजूर स्त्रीनें रुपया देऊन चौदा आण्यांचे दाणे घेतले व उरलेल्या दोन आण्यांची चिठ्ठी पदरीं बांधली. ती चिठ्ठी त्याच दुकानीं चालणार. दुकान बंद पडलें, किंवा मालकानें "ही माझी नव्हे" म्हटलें, तर बुडाले कोणाचे? ज्याचे घरीं दोन आणे मोलाचे, त्याचेच! चिठ्ठीचें मोल कागदांत नव्हतें, देणाऱ्याच्या शब्दांत होतें.

अशा वस्तु जमवावयाच्या असतील, तर वडील माणसांस विचारून घ्या. नाणें चिंचेनें वा राखेनें घासूं नका; त्यावरील अक्षरें झिजतात. कागद डिंकानें चिकटवूं नका. प्रत्येक वस्तु कोठें व कोणाकडून मिळाली, हें वहींत लिहा. ही नोंद नसेल, तर चिठ्ठी मुकी राहते.

आणि दुकानदार आजहि रुपयाऐवजीं गोळी पुढें करतो, तेव्हां त्या स्त्रीची आठवण करा. उद्यां तुम्ही गल्ल्यावर बसाल, तेव्हां दुसऱ्याचा रुपया लहान मानूं नका.