गडग्यापासून लांब लाव

लालबाग, मुंबई

चि. निखिल यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

रविवारी गावच्या मुंबई मंडळाची सभा होती. निघताना कानावर आलं, की तू परसात खालच्या गडग्याला लागून बांबू लावतोयस. तोही मोबाइलवर फोटो बघून मागवलेला, पिवळ्या काठ्यांचा. खरं का हे? गडग्यापलीकडे कोण राहतं ते तुला सांगायला हवं का? दोन हात जागेसाठी दादाने आणि आबाकाकांनी कोर्टात खेटे घातले, एकमेकांच्या घरची लग्नं चुकवली. आता कुठे गणपतीत एकमेकांकडे आरतीला जातात.

नर्सरीवाले ‘गोल्डन बांबू’ म्हणून दोन वेगळ्या जाती खपवतात. एक बेट करून राहते, पण चाळीस-पन्नास फूट चढते. दुसरी चीनकडची. तिचं मूळ जमिनीखालून धावतं आणि लांब कुठेही कोंब काढतं. आबाकाकांच्या अळवात कोंब उगवला की झालं! फोटो बघून काय कळणार? दादरला काचेच्या बरणीत ‘लकी बांबू’ विकतात, तो तर बांबूच नव्हे.

सिंधुदुर्गात राहून बांबू बाहेरून मागवतोस, म्हणजे कमाल आहे. विहिरीकडे आजोबांचं माणग्याचं बेट आहे ना? काटा नाही, काठी जवळजवळ भरीव, उंची तीस फुटांच्या आतबाहेर. कुडाळला कोनबॅकवाले 2004 पासून बांबूचं काम करतात, त्यात माणगाही आला. एकदा जाऊन बघ. कळक मात्र घराजवळ नकोच, त्याच्या काट्यांत कोयता घालायचा कोणी?

माणग्याला बी धरत नाही, तेव्हा कंद काढ. गेल्या पावसाळ्यातली काठी बघ, दोन-तीन हात ठेवून वरची छाट आणि मुळासकट अलगद उचल. मिरगाचा पाऊस जमिनीत मुरला की लाव. दोन कंदांत पंधरा फूट सोड, आणि गडग्यापासूनही तेवढंच. बेट धावत नाही, पण दर पावसाळ्यात नवे कोंब बाहेरच्या अंगाला येतात. आज हातभर दिसतं ते काही वर्षांत खोलीएवढं होतं. वाऱ्याने काठ्या कलतात, पाला पलीकडच्या कौलांवर पडतो. भांडणाला आणखी काय लागतं?

तोड पाऊस सरल्यावर, तीही तीन वर्षं झालेल्या काठ्यांची, जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर. परवान्याची भीती नको. 2017 साली कायदा बदलला, आपल्या जमिनीतल्या बांबूला आता वनखात्याचा तोडीचा परवाना लागत नाही.

त्याच बेटाने आम्हाला जगवलं रे. 1982 च्या संपात तुझ्या काकांची मिल बंद पडली, मी पोरांना घेऊन माहेरी आले. बाबा माणग्याचे भारे विकून आमचं भागवत होते. म्हणाले, “गोठ्यामागे खोली बांध, इथेच राहा.” मला मुंबई सुटेना. बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी जवळ नव्हते, ते अजून सलतं. आता मिलच्या जागी टॉवर आहे, आणि माझ्या खिडकीत तुळशीची कुंडीसुद्धा धड मावत नाही.

रागावून लिहिलं, मनावर घेऊ नकोस. नोकरी सोडून तू बंद घर उघडलंस, आमच्यापैकी कुणाला जमलं नव्हतं. सभेत तुझं नाव निघालं तेव्हा ऊर भरून आला होता, मग ही गडग्याची बातमी ऐकली. म्हणून खड्डे मारायच्या आधी आबाकाकांकडे जा. चहा घे, जागा दाखव, पहिला कंद त्यांच्या हातून लावून घे. ते नाही म्हणणार नाहीत, त्यांनाही आता कुणीतरी विचारायला हवं असतं.

जेवणाची आबाळ करू नकोस. गणपतीला मी येतेय, या खेपेला महिनाभर राहीन. इथून काय आणू ते कळव.

तुझी,
आत्या