गमबूट पायाला बसला, तरच पाय वाचवतो



नर्सची नोकरी करत होते तेव्हा पावसाळ्यात ड्रेसिंगच्या टेबलावर पायच पाय यायचे. कुणाच्या बोटांत चिखल्या, कुणाच्या टाचेत खिळा, कुणाच्या तळव्याला काच. असंच एकदा झाडू खात्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एक मावशी आल्या. तळव्यात काच घुसून तीन दिवस झाले होते. शुगर असल्यामुळे पाय बधिर, म्हणून दुखलंच नाही. मी विचारलं, "मावशी, गमबूट दिले नव्हते का?" त्या म्हणाल्या, "दिलेत की सिस्टर. आठ नंबरचे. माझा पाय पाच नंबरचा. चालताना फटक फटक वाजतात. दोनदा पडले, मग खिळ्याला टांगून ठेवले."

मावशींचं एक बोट काढावं लागलं. बूट घरी होते, कागदावर सहीसुद्धा होती. पण पायात चप्पल होती. म्हणून आजचा धडा असा: जो बूट चावतो किंवा सैल होतो तो माणूस घालत नाही, आणि न घातलेला बूट कुणाला वाचवत नाही.

चिखलातून काय येतं?

साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उंदीर-घुशींचं, कुत्र्यांचं, गुरांचं मूत मिसळलेलं असतं. त्यातले लेप्टोचे जंतू पायावरच्या बारीकशा चिरेतूनही अंगात शिरतात. पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून त्यांना वाट मिळते. ताप दोन दिवसांनीही येऊ शकतो आणि महिन्याभरानेही. बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत येतो. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, पुढे कावीळ किंवा लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर अंगावर काढू नका. दवाखान्यात गेल्यावर "मी चिखलात काम करते" हे डॉक्टरांना आधी सांगा. त्यावरून निदान लवकर होतं.

नंबर कसा काढायचा?

संध्याकाळी मोजा. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, सकाळी घेतलेला बूट दुपारी घट्ट होतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा, जो मोठा असेल त्याचं माप धरा. कामावर घालता तेच मोजे घालून बूट चढवा. बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे आणि बोटं आत हलली पाहिजेत. मग दहा-वीस पावलं चाला, उकिडवे बसा, पायरी चढून उतरा. उतरताना बोटं पुढे आपटली तर बूट लहान आहे. चालताना टाच सारखी उचलली जात असेल तर मोठा आहे.

बहिणींनो, पुरुषांचा लहान नंबर म्हणजे बायकांचा बूट नव्हे. आपला पाय टाचेकडे अरुंद असतो आणि पोटरी बुटाच्या तोंडाशी अडते. घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

दुकानात काय तपासायचं?

• तळ: बूट उलटा करून बघा. नक्षी खोल आणि मोकळी हवी. बारीक नक्षीत चिखल भरून बसतो आणि पाय घसरतो.

• वजन आणि लवचीकपणा: बोटांच्या जागी बूट वाकला पाहिजे. पीव्हीसीचा बूट स्वस्त असतो, पण बराचसा कडक. रबराचा मऊ असतो आणि सहसा महाग.

• उंची: नाला, भातखाचर, साचलेलं पाणी असेल तर गुडघ्याखालपर्यंतचा. नुसत्या ओल्या मातीत घोट्यापर्यंतचाही चालतो.

• खिळे, पत्रे, सळ्या असतील तिथे: साध्या गमबुटाच्या तळातून खिळा आत येतो. तळात पोलादी पट्टी आणि पुढे पोलादी टोपी असलेला बूट मागा.

• आयएसआयची छाप आहे का, बघा.

घालताना आणि काढल्यावर

बूट घालण्याआधी उलटा करून झटका. विंचू, खडा, खिळा, काहीही आत असू शकतं. आत हात फिरवून बघा. शुगर असलेल्यांनी तर रोज बघायचं, कारण खडा टोचलेला त्यांना कळत नाही.

मोज्यांच्या दोन जोड्या ठेवा. जेवणाच्या सुट्टीत ओले मोजे बदला, पायांना वारा लागू द्या. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. चिखल्या होतात त्या याच ओलीमुळे. बूट धुऊन आत जुना पेपर कोंबा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात त्याला भेगा पडतात. भेग पडली की नाही ते कळायला सोपी युक्ती: बुटात पाणी भरून थोडा वेळ ठेवा. बाहेर ओल आली तर तो बूट बदलायची वेळ झाली.

काच-खिळा लागला तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. हळद, चुना, राख भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर लेप्टोच्या गोळीसाठी तीन दिवसांच्या आत जा. गरोदर बायकांची आणि लहान मुलांची गोळी वेगळी असते, म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका.

बूट काय करू शकत नाही

गटाराच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये जीव जातो तो विषारी वायूने. तिथे कुठलाही बूट वाचवत नाही. नुसते बूट देऊन कुणी आत उतरायला सांगितलं तर उतरू नका. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

मग मागायचे कसे?

सफाईच्या कामाला बूट पुरवणं हे काम देणाऱ्याचं काम आहे, मेहेरबानी नव्हे. पण नुसतं "बूट द्या" म्हटलं की एकाच नंबरचं पोतं येतं. म्हणून नंबरासकट मागा. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एक वही आणि मोजपट्टी घेऊन बसा. नाव, काम, पायाचा नंबर, अशी यादी करा. अर्जाला ती जोडा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. बूट वाटताना सही करण्याआधी तिथेच घालून बघा. बसले नाहीत तर "नंबर बसला नाही" असं लिहूनच सही करा.

मावशींनी त्या दिवशी एवढं लिहिलं असतं, तर बूट बदलून मागायला त्यांच्या हाती काहीतरी राहिलं असतं. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही तुमच्या शेजारणीला सांगा.