'हरित' या विशेषणाची कसोटी

शास्त्रीय परिभाषेतील विशेषण हे भाषेचे लेणे नसते. ते एक विधान असते व त्याला प्रमाण द्यावे लागते. 'हरित रसायनशास्त्र' ही संज्ञा मराठीत व हिंदीत 'हरित', बंगालीत 'सबुज', तर तमिळमध्ये 'पसुमै' या शब्दाने व्यक्त होते. या चारही भाषांत हा शब्द हरितक्रांतीच्या नावातही आहे. त्यामुळे पिकाची टवटवी आणि निर्धोकपणा यांची छाया तो आपोआप बरोबर आणतो. आयनी द्रवांच्या बाबतीत ही छाया तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

सुमारे १००° से.पेक्षा कमी तापमानास वितळणारे क्षार म्हणजे आयनी द्रव. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेला इथिल अमोनियम नायट्रेट १२° से.ला वितळतो. सामान्य परिस्थितीत या द्रवांची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून ते हवा दूषित करीत नाहीत. मुख्यतः या गुणावरून त्यांना 'हरित' म्हटले गेले. परंतु जे हवेत जात नाही ते सांडपाण्यात जाऊ शकते, याकडे त्या विशेषणामुळे दुर्लक्ष झाले. ज्यात हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा घटक असतो अशा द्रवाचे पाण्याच्या सान्निध्यात विघटन होऊन हायड्रोफ्लुओरिक आम्ल निर्माण होऊ शकते, हे २००३ मध्ये निदर्शनास आले.

लांब कार्बन-शृंखला असलेले आयनी द्रव हे वस्तुतः साबणाच्या कुळातील, म्हणजे पृष्ठक्रियाशील, पदार्थच होत. त्यांच्या रेणूचे धनभारित शीर्ष जलस्नेही, तर शेपूट जलविरोधी असते. जिवाणूचे पेशीपटल ऋणभारित असल्याने शीर्ष त्याकडे ओढले जाते, शेपूट पटलात शिरते आणि पटल फाटते. गेरहार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये चतुर्थक अमोनियम क्षारांची जंतुनाशकता दाखविली, तिचे मर्म हेच. शृंखला वाढते तशी ही शक्ती सामान्यतः बारा ते सोळा कार्बन अणूंपर्यंत वाढते व पुढे ओसरते. तथापि पटल केवळ रोगजंतूंनाच असते असे नाही; शैवाल, जलपिसू व मासे यांच्या पेशींनाही ते असते. शिवाय अशा पदार्थाचे विघटन अखेर सूक्ष्मजीवांनीच करावयाचे असते. ज्याला मारावयाचे त्याच्याच हाती निचरा सोपविण्याचा हा पेच आहे.

पेच सर्वस्वी असाध्य नाही. १९५०च्या दशकात फाटेदार शृंखलेच्या अपमार्जकांमुळे युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेस साचला. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, आणि पुढे सरळ शृंखलेचे रेणू प्रचारात आले; सूक्ष्मजीवांना ते पचविता येतात. आयनी द्रवांच्या शृंखलेत एस्टर बंध घातल्यास विघटन सुलभ होऊ शकते, हेही नंतर दिसून आले.

निसर्गदत्त पदार्थही या कसोटीतून सुटत नाहीत. रिठ्यातील सॅपोनिन हे पृष्ठक्रियाशीलच. केस धुणारे तेच द्रव्य माशांना विषारी ठरते. तेव्हा 'हरित' हा पदार्थाचा अंगभूत गुण नव्हे. कोणत्या मात्रेत, कोणत्या जीवास आणि वापरानंतर किती काळ, हे सांगितल्याखेरीज त्या विशेषणाचा अर्थ पुरा होत नाही. परिभाषाकोशांतील नोंदींनीही हे भान ठेवणे इष्ट.