बाटलीतील दुसरे किण्वन : सायडरपासून द्राक्षवाइनपर्यंत

फेसाळ पेयांचा विषय निघाला की शॅम्पेनचेच नाव घेतले जाते. परंतु बाटलीत साखर घालून फेस निर्माण करण्याची युक्ती आधी रुळली ती इंग्लंडमध्ये, आणि तीही सफरचंदाच्या सायडरच्या आधाराने. तेथील दगडी कोळशाच्या भट्ट्यांतून जाड, मजबूत काच तयार होऊ लागली होती. डिसेंबर १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे जॉन बील यांनी सायडरविषयी, तर ख्रिस्तोफर मेरेट यांनी वाइनमध्ये साखर व काकवी घालण्याच्या प्रथेविषयी विवेचन केले.

महाराष्ट्रात सफरचंद नाही, पण द्राक्ष आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तांत्रिक सहकार्याने याच पद्धतीची वाइन तयार केली आणि ती परदेशी बाजारात पोहोचली. पुढे नाशिक व दिंडोरी परिसर या उत्पादनाचे केंद्र बनला.

या वाइनसाठी शेनिन ब्लाँ, शार्दोने यांसारख्या वाणांची तोडणी साधारणतः १८ ते १९ ब्रिक्सला, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर करावी लागते. उष्ण हवामानात साखर वाढते तसतशी आम्लता झपाट्याने घटते, आणि आम्लतेविना फेसाळ वाइन बेचव लागते. बागायतदाराला दर केवळ ब्रिक्सवर मिळत असेल, तर लवकर तोडणीचा भुर्दंड त्यालाच पडतो. म्हणून दराचा निकष करारातच स्पष्ट असावा.

पहिले किण्वन पूर्ण झालेल्या वाइनमध्ये साखर व यीस्ट मिसळून बाटली बंद केली जाते. प्रतिलिटर ४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे १ बार दाब निर्माण होतो. द्राक्षवाइनला २४ ग्रॅम साखरेतून सुमारे ६ बार दाब मिळतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळजवळ तिप्पट. सायडरला १२ ते १४ ग्रॅम पुरतात. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत अवघी ३ ग्रॅम साखर अधिक पडली, तरी दाब १ बारने चढतो. मूळ वाइनमध्ये न आंबलेली साखर शिल्लक असेल, तर तीही हिशेबात धरावी लागते. बाटल्या फुटण्याचे हे एक प्रमुख कारण होय. बिअरची हलकी किंवा ओरखडे पडलेली जुनी बाटली वापरणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. नाशिकच्या उन्हाळ्यात साठवणखोली तापली की तोच दाब आणखी वाढतो. त्यामुळे १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान राखणे ही चैन नव्हे. बाटल्या हाताळताना चेहऱ्यावर जाळी व हातात जाड मोजे हवेतच.

यीस्टलाही तयारी लागते. १० ते ११ टक्के मद्यार्क आणि तीव्र आम्लता असलेल्या द्रवात ते थेट टाकल्यास किण्वन रखडते. विरजण हळूहळू त्याच वाइनला सरावलेले असावे.

काही महिने गाळावर मुरल्यानंतर बाटल्या तिरप्या फळ्यांवर ठेवून थोड्याथोड्या फिरवतात. गाळ मानेत उतरला की मान अतिथंड द्रावणात गोठवून झाकण काढतात. दाबाने गाळाचा गोळा बाहेर उडतो. रिकामी जागा वाइन व किंचित साखरेने भरून बूच बसवितात. हे उत्पादन राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याविना करता येत नाही.

पिताना ६ ते ८ अंश तापमान योग्य. बाटली तिरपी धरून बूच घट्ट पकडावे व बाटली फिरवावी. बूच उडविण्यात तमाशाच अधिक. फेस वाया जातो, डोळ्यालाही इजा होऊ शकते. कांदाभज्यांसारख्या तळीव पदार्थांबरोबर तिची आम्लता विशेष खुलते.