वाईट बातमी साहेबांपर्यंत पोहोचते का?



आपल्यापैकी कितीतरी जण रोज पहाटे ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून गाडी पकडून कामावर जातात. त्यांतील काहींच्या हाताखाली माणसे आहेत. कोणी फोरमन, कोणी शिफ्ट इनचार्ज, कोणी वॉर्डातील सिस्टर, कोणी शाळेच्या पर्यवेक्षिका. आजचा पाठ विशेषतः त्यांच्यासाठी आहे.

हाताखालच्या लोकांचा विश्वास कसा मिळवावा, असे विचारले की आपण गोड बोलण्याविषयी सांगतो, वाढदिवसाच्या केकविषयी सांगतो. ते चांगलेच आहे. पण खरी परीक्षा होते ती एखादा माणूस वाईट बातमी घेऊन समोर उभा राहतो तेव्हा. वॉल्व्ह गळतो आहे, मोटारीचा आवाज बदलला आहे, चुकीच्या पेशंटचे औषध ट्रेमध्ये आले होते. "आता सांगतोस? इतका वेळ झोपला होतास का?" हे एकदा ऐकले की तो माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो. ऐकणारे शेजारचे चौघेही गप्प बसतात.

या गप्प बसण्याची किंमत आपल्या भागाला नीट समजायला हवी. 26 मे 2016 रोजी डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. बारा जण दगावले, शंभराहून अधिक जखमी झाले. 23 मे 2024 रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत पुन्हा स्फोट होऊन माणसे मेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्या दोन दुर्घटनांत चूक कोणाची, हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र रसायनाच्या कामात दाब चढतो, तापमान वाढते, वास येतो, आणि हे सर्वात आधी कळते ते यंत्रापाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरला. केबिनमधल्या साहेबांना नाही.

भोपाळच्या 1984 सालच्या वायुकांडानंतर, 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोका दिसल्यास कामगाराने तो व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकालाही कळवावा, असा हक्क तिने दिला. हक्क कागदावर आला, पण तोंड उघडण्याचा धीर कायद्यातून येत नाही. तो शिफ्ट इनचार्जच्या वागण्यातून येतो.

वरच्या साहेबांची भीती इनचार्जलाही असतेच. म्हणून तर तो खाली ओरडतो. इथे सतीश धवन यांची आठवण होते. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेले एसएलव्ही-3 यान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. पत्रकारांना तोंड दिले ते इस्रोचे अध्यक्ष असलेल्या धवन यांनी, आणि अपयशाची जबाबदारीही स्वतःवर घेतली. 18 जुलै 1980 रोजी यान यशस्वी झाले, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे बसवले. कलाम पुढे अनेक वर्षे हा प्रसंग सांगत राहिले.

आपल्याला रॉकेट सोडायचे नाही. तक्रार आली की आधी उठून ती जागा स्वतः पाहावी. सांगणाऱ्याचे नाव चांगल्या अर्थाने लॉगबुकात लिहावे. दुसऱ्या दिवशी काय झाले ते त्याला सांगावे. पार्ट यायला आठ दिवस लागणार असतील तर तेही सांगावे, आणि तोवर मशीन बंद ठेवावे. उत्पादन कमी पडल्याचा जाब वर आपण द्यावा.

कंत्राटी कामगारांकडे मात्र वेगळे लक्ष हवे. कायम नोकरीवाला कुरकुर तरी करतो. ठेकेदाराच्या माणसाला उद्या गेटवरूनच परत पाठवता येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. तो आपणहून येऊन काही सांगणार नाही. शिफ्ट सुरू होताना त्याच्यापाशी जाऊन, त्याला नावाने हाक मारून, काल काही वेगळे दिसले का, हे आपणच विचारायचे असते. पहिले काही दिवस तो "काही नाही साहेब" एवढेच म्हणेल. तरी रोज विचारावे.